नजर भिंतीकडे

लालबागच्या त्या गल्लीत शिरलं की आधी शिंक यायची आणि मग इंटरनेट. शेजारी मसाला कांडपाची गिरणी होती. उन्हाळ्यात अर्धी मुंबई तिथे मिरच्या घेऊन यायची, आणि कॅफेत बसलेले आम्ही नाकाला रुमाल लावून, डोळे पुसत पुसत ई-मेल लिहायचो. नोकरीचा अर्ज भरताना माझ्या डोळ्यांना धार लागलेली पाहून एका अनोळखी बाईंनी 'होईल गं सगळं नीट' म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. मीही फिरवू दिला. ती नोकरी मिळाली नाहीच, त्यामुळे सांत्वन वाया गेलं असं काही नाही.

कॅफेला नाव नव्हतं. पाटीवर 'इंटरनेट' असं लिहिलेलं आणि त्याखाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, 'ओळखपत्र दाखवा'. मालकांना आम्ही तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागे कलमकाका, कारण बोलता बोलता त्यांच्या तोंडून कायद्याचं एखादं कलम पडल्याशिवाय राहायचं नाही. बुटका बांधा, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी शिंप्याची टेप. गाव कुडाळकडचं. मुंबईत सगळी हयात गेली तरी राग आला की बोलणं मालवणीवर घसरायचं, आणि राग फक्त नियम मोडला की यायचा.

सरकारने सायबर कॅफेसाठी नियम काढले तेव्हा परळ-लालबागचे बाकीचे कॅफेवाले कपाळाला हात लावून बसले होते. ओळखपत्राशिवाय कुणाला बसवायचं नाही. कोण कधी कुठल्या मशीनवर बसलं त्याची नोंद वर्षभर जपायची. मधले आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत (काकांच्या खिशातली टेप याचसाठी). पडद्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी हवीत. कुणी चिरीमिरी देऊन भागवलं, कुणी कॉम्प्युटर विकून मोबाइल कव्हरचं दुकान टाकलं. आमच्या काकांना मात्र कोण आनंद झाला. त्यांनी ते नियम छापून घेतले, प्लास्टिकमध्ये मढवले आणि गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगले. सकाळी उदबत्ती ओवाळताना हात दोन्हीकडे जायचा, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असायचा, पण हे मी स्वतःही पाहिलंय.

त्याच काकूंची गोष्ट. मुलगी कुडाळला बाळंत झाली होती आणि नातवाचे फोटो मेलवर आले होते. काकू हातातलं काम टाकून, साडीला हात पुसत कॅफेत आल्या आणि खुर्चीवर बसायला लागल्या. काकांनी वर न बघता विचारलं, "ओळखपत्र?"

काकूंना वाटलं थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. त्या घरी गेल्या आणि रेशनकार्ड घेऊन आल्या. काकांनी तसबिरीशेजारचे नियम वाचले आणि म्हणाले, "यादीत रेशनकार्ड नाही." काकू पुन्हा गेल्या आणि मतदार ओळखपत्र आणून त्यांनी काउंटरवर आपटलं. काकांनी ते नीट पाहिलं, फोटो आणि चेहरा ताडून बघितला, नोंद केली आणि म्हणाले, "या, बसा." बुधवार होता. बांगडे आणलेले होते. ते शेजारणीच्या घरी गेले आणि काकांना कुळथाची पिठी मिळाली. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं तर म्हणाले, "पिठी बरी होती. नियमाला बायको नसते."

असा माणूस. कुणालाही वाटेल, हा नुसता सरकारी हुकमाचा ताबेदार. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते पडदे असे उघड्यावर मांडलेले पाहून माझं डोकंच फिरलं. मी तेव्हा लोअर परळच्या एका ऑफिसात फोन उचलायच्या नोकरीला लागले होते. ऑफिसात इंटरनेट साहेबलोकांपुरतं, आणि माझा मोबाइल बटणांचा. म्हणजे माझं जे काही खासगी जग होतं ते या काकांच्या कॅफेतच उघडायचं, आणि तेही गल्लीच्या तोंडासमोर.

"काका, हे असं चव्हाट्यावर कोण बसणार?" मी विचारलं.

"कायदा म्हणतो, दिसलं पाहिजे," काका म्हणाले. "बघितलं पाहिजे असं कायदा कुठे म्हणतो? ते आपल्यावर आहे."

आणि ते त्यांनी खरोखरच आपल्यावर घेतलं होतं. कॅफे म्हणजे एक लांब चिंचोळी खोली. एका बाजूला मशीनं, त्यांची तोंडं मधल्या बोळाकडे. समोर भिंत. आत येणाऱ्याने बोळातून जाताना तोंड भिंतीकडे करून, खेकड्यासारखं आडवं आडवं चालत आपल्या मशीनपर्यंत जायचं. मान वळवायची नाही. ही त्या कॅफेची रीत होती, आणि ती कुठल्याच सरकारी नियमात नव्हती. काकांनी ती एकट्याने काढली, एकट्याने चालवली आणि लालबागच्या माणसांकडून पाळून घेतली, ज्यांना वाहतुकीचा सिग्नल पाळायला लावणंसुद्धा अवघड.

भिंतीकडे बघायचं तर भिंतीवर बघण्यासारखं काही हवं, हेही त्यांनी ओळखलं होतं. तिथे सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मोठा नकाशा होता, एसटीचं वेळापत्रक होतं, आणि दर सोमवारी काकांच्या अक्षरात एक नवं कोडं लागायचं. आमचं गाव नगरकडचं. कोकणाशी माझा संबंध सोलकढीपुरता. पण आजही मला झोपेतून उठवून विचारा, देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग, सगळे तालुके जागच्या जागी सांगेन. माझ्यासारखी अशी बरीच माणसं अजून त्या भागात असतील.

एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने जाता जाता शेजारच्या पडद्यावर डोकावून हसून काहीतरी शेरा मारला. काका काउंटरवरून उठले.

"तुमचं मशीन कितवं?"

"पाच."

"मग नजर पाचवर, नाहीतर भिंतीवर. मधे काही नाही."

"अरे काका, सहज बघितलं ना. एवढं काय त्यात?"

"ह्या माका सांगू नको," काकांची गाडी मालवणात शिरली. "सहज बघूक ही काय जत्रा आसा?"

तो माणूस निमूट भिंतीकडे वळला. आठवडाभराने मी त्याला दुसऱ्या एका नवख्याला 'भाऊ, तोंड तिकडे' असं बजावताना ऐकलं.

स्वतः काका तर कहर होते. मशीन अडकलं आणि हाक मारली की यायचे, पण डोळ्यांवर उन्हात धरतात तसा हात धरून, आणि आपल्यापासून दोन हातांवर थांबून विचारायचे, "आत येऊ काय?" दार नाही, पडदा नाही, साडेचार फुटांची फळी, आणि हा माणूस परवानगी मागतोय. आपण पडद्यावरची खिडकी बंद करून 'या' म्हणायचं, मग हात खाली यायचा. कुणी म्हातारीने मोठ्याने आपला पासवर्ड सांगितला तर ते कानांवर हात ठेवायचे आणि तो पासवर्ड तिथल्या तिथे बदलायला लावायचे. "आता तो माका कळलो, म्हणजे मेलो तो," म्हणायचे. माझ्या घरात, दहा बाय दहाच्या खोलीत, माझी कुठलीही वस्तू कुणीही न विचारता उघडायचं. मला कुणी विचारून आत आलं ते आयुष्यात पहिल्यांदा तिथे, आणि ते मला इतकं आवडायचं की कधी कधी मशीन चालू असूनही मी उगाच हाक मारायचे.

मसाल्याच्या गिरणीतल्या एका बाईंची गोष्ट त्या बाईंनी स्वतःच पुढे सगळ्यांना सांगितली म्हणून मला माहीत. त्यांच्या छातीत गाठ आली होती आणि डॉक्टरने सांगितलेलं नाव घेऊन त्या माहिती वाचायला बसल्या होत्या. अश्लील काही उघडू नये म्हणून काकांनी नियमाप्रमाणे गाळणी लावलेली. त्या गाळणीला आजाराच्या नावातला एक शब्द चालेना. पान उघडेना. त्या रडकुंडीला आल्या. काकांना पडदा बघायचा नव्हता आणि त्यांनाही शब्द उच्चारायचा नव्हता. काकांनी काही न विचारता आपल्या जागेवरून गाळणी बंद केली आणि त्यांचं वाचून होईपर्यंत दारात, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कुणाला आत सोडलं नाही. आम्ही नंतर चिडवलं, "काका, नियम मोडलात." तर त्यांनी आम्हाला नियम वाचून दाखवला. त्यात 'शक्यतो' असं होतं. "शक्य नव्हतं, म्हणून नाही लावली," ते म्हणाले. त्या बाईंवर वेळेत उपचार झाले. त्या अजून मसाले कांडतात.

माझ्यावर प्रसंग आला तो चाळीच्या पुनर्विकासात. आमच्या चाळीच्या दोन इमारती, पुढची आणि मागची. आम्ही मागच्या. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं होतं, बिल्डर आला होता, आणि चाळ समितीचे अध्यक्ष रोज पांढऱ्या कपड्यांत जिने चढून 'सगळ्यांना घरं मिळणार' असं सांगत फिरत होते. कुणाला नवं घर मिळणार त्याची यादी सरकारी कार्यालयाने वेबसाइटवर लावली होती. चाळीच्या फलकावरही ती लागायला हवी होती. अध्यक्षांनी लावली नाही. चाळीतल्या माणसांना वाटत होतं, यादी अजून यायचीय.

मी ती कॅफेत पाहिली. मागच्या इमारतीतली सगळी घरं अपात्र. कारण लिहिलं होतं की ती राहती घरं नसून गोदामं आहेत. माझी आजी ज्या खोलीत गेली, माझा जन्म झाल्यावर आईला जिथे आणलं, ती खोली गोदाम. हरकत घ्यायला थोडेच दिवस उरले होते, आणि हरकत न घेतली तर पुढच्या इमारतीला फ्लॅट आणि आम्हाला रस्ता.

मी तिथेच, त्या मिरच्यांच्या वासात बसून मेल लिहिला. शांतपणे लिहायला हवा होता. पण शांतपणा माझ्या स्वभावात नाही. मी यादी जोडली, सगळं समजावलं, आणि शेवटी 'अध्यक्षांनी बिल्डरकडून किती खाल्ले ते त्यांना विचारा' असं ठोकून दिलं. पुरावा काही नव्हता. खाली माझं नाव घातलं नाही. 'एक भाडेकरू' असं लिहिलं आणि तो कार्यालयाला आणि चाळीतल्या ज्या ज्या मुलामुलींचे पत्ते होते त्यांना धाडून दिला.

दोन दिवसांत चाळीत वणवा लागला. अध्यक्षांचा भाचा कॉम्प्युटरमधला. त्या काळी काही मेलांच्या पोटात तो कुठून निघाला त्याचे आकडे असायचे. त्यावरून त्याने काढलं की मेल काकांच्या कॅफेतून गेलाय.

अध्यक्ष दोन माणसं घेऊन कॅफेत आले तेव्हा मी आत बसलेली होते. मला उठताही येईना.

"काका, सोमवारी संध्याकाळी इथून मेल कोणी टाकला, नाव द्या."

"तुम्ही कोण?" काकांनी विचारलं. वास्तविक दोघं वीस वर्षं एकमेकांना ओळखत होते.

"मी कोण? अध्यक्ष आहे मी चाळीचा. डोकं ठिकाणावर आहे ना?"

काकांनी भिंतीवरून नियम काढले आणि काउंटरवर ठेवले. "वाचा. नोंद कोणाला दाखवायची ते लिहिलंय. अधिकारी आहे, लेखी कागद आहे. अध्यक्ष कुठेच नाही."

मग अध्यक्ष गिऱ्हाइकांकडे वळले. सोमवारी इथे कोण कोण होतं, कोणाच्या मशीनवर काय होतं, कोणीतरी बघितलंच असेल. सोमवारी असलेले दोघं-तिघं तिथे होते. त्यातला एक, दर सोमवारी कोडं सोडवायला येणारा विम्याचा एजंट, प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, मी भिंतीकडे बघत होतो."

"भिंतीवर काय होतं एवढं?"

"वैभववाडी."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांना वाटलं सगळे मिळून त्यांची टर उडवतायत. पण खरंच कुणी पाहिलं नव्हतं. मी तिथे तासभर त्यांच्या नावाने बोटं मोडत टाइप करत होते आणि माझ्या मागून दहा माणसं नकाशा वाचत गेली होती. त्या क्षणी मला काकांच्या त्या खुळचट रिवाजाच्या पाया पडावंसं वाटलं.

पण अध्यक्ष जाता जाता थांबले. "ठीक आहे. पोलिसांत तक्रार करतो. इंटरनेटवरून बदनामी. मग कागद आला तर?"

"कागद आला तर देईन," काका म्हणाले.

 त्या वेळी इंटरनेटवर कुणाला त्रास होईल असं लिहिलं तरी आत टाकता येईल असं एक कलम होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पण तेव्हा ते चांगलं जिवंत होतं आणि पेपरात रोज कुणाला ना कुणाला उचललेलं असायचं. माझी नोकरी जेमतेम वर्षाची. पोलीस चाळीचे जिने चढून माझं नाव विचारतायत, एवढं चित्र डोळ्यांपुढे आलं.

अध्यक्ष गेल्यावर काका डोळ्यांवर हात धरून आले. "आत येऊ काय?"

मी हो म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि नकाशाशी बोलावं तसं बोलू लागले.

"कोणी लिहिलं ते मी बघायला गेलेलो नाही. पण ज्याने लिहिलं त्याला आधीच सांगून ठेवतो. कागद आला तर मी नाव देणार. नोंद फाडणार नाही, हरवली म्हणणार नाही. खोटा बोलूक माका जमाचा नाय."

"काका, एखाद्याचं आयुष्य बरबाद होईल," मी म्हणाले. 

"म्हणून तर कागद यायच्या आत सांगतोय. निनावी माणसाने शिवी दिली तर ती बदनामी. नाव घालून, नीट भाषेत, मुदतीत हरकत दिली तर तो हक्क. हरकत घेतली म्हणून कोणाला आत टाकत नाहीत. त्याने स्वतःच आपलं नाव दिलं, तर माझ्याकडे विचारायला येऊन कोणाला मिळणार काय?"

एवढं बोलून ते आडवे आडवे चालत काउंटरवर गेले. मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. एक पान. एक पान फाडायचं होतं या माणसाने, गणपतीशेजारी नियम टांगणाऱ्या या माणसाने, आणि तेवढंही त्याच्याच्याने होत नव्हतं. मी पैसे टाकले आणि भिंतीकडे न बघता, सरळ ताठ चालत बाहेर पडले. रीत मोडली. काकांनी नोंदीत माझी जायची वेळ लिहिली.

घरी पप्पांना सगळं सांगितलं. पप्पा भायखळ्याच्या एका छापखान्यात होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची नावं जुळवली, लग्नपत्रिकांवर, पुस्तकांवर, अभिनंदनाच्या फलकांवर. मला वाटलं ते घाबरतील, गप्प बस म्हणतील. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "माझी आई आयुष्यभर अंगठा उठवत आली. या खोलीच्या भाडेपावतीवर तिचाच अंगठा आहे. तुला सही येते ना? मग भाडेकरू कसली लिहितेस? नाव लिही."

आई म्हणाली, "आणि तिला काही झालं तर?"

"मग माझं पण लिहू," पप्पा म्हणाले. "एकाच्या जागी दोघं."

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना घेऊन कॅफेत गेले. काकांनी आमची ओळखपत्रं मागितली. माझं मागायची काय गरज होती, रोजचा चेहरा, पण मागितलं. मी हरकत लिहिली. पहिल्या ओळीत माझं नाव, खोलीचा नंबर, आजीचं नाव, वीजबिल, भाडेपावती. अध्यक्षांबद्दल एक अक्षर नाही. तो मेल मीच लिहिला होता आणि त्यातलं खाण्यापिण्याचं वाक्य मी मागे घेते, हेही चाळीतल्या सगळ्यांना माझ्या नावाने कळवलं.  मग पप्पा बसले आणि त्यांनी, छापखान्यात खिळे जुळवावेत तसं एकेक अक्षर शोधून, आपलं नाव टाइप केलं.

मागच्या इमारतीत संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. मी काही भाषण वगैरे दिलं नव्हतं. पण नावानिशी कुणीतरी लिहिलंय म्हटल्यावर शेजारच्या मावशी आल्या, मग खालचे आजोबा, मग आख्खा मजला. कॅफेबाहेर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र. मजकूर मी लिहून द्यायचे, पण नाव मात्र काका दुसऱ्या कुणाला टाइप करू देईनात. "नाव ज्याचं त्याने," म्हणायचे. कळफलकाला जन्मात हात न लावलेल्या बायका एका बोटाने, शिंका देत, आपापली नावं शोधत होत्या. काकू चहाच्या किटल्या आणत होत्या. एका मावशीने आपलं नाव पूर्ण झाल्यावर पडद्याला हात लावून नमस्कार केला.

तेवढ्यात कॅफेच्या दाराशी अध्यक्ष येऊन उभे राहिले. कायद्याप्रमाणे पडद्यांची तोंडं बाहेर. दारातून सगळं दिसत होतं. मी काकांना म्हटलं, "काका, ते बघतायत."

काका भिंतीकडे वळले नाहीत, काही नाही. "आज बघू दे," म्हणाले.

कागद आलाच. आठवड्याभराने एक फौजदार रीतसर लेखी हुकूम घेऊन आले. काकांनी तो दोनदा वाचला, शिक्का पाहिला आणि नोंद पुढे ठेवली. जसं सांगितलं होतं तसंच. फौजदारांनी मला तिथेच बोलावलं. मी म्हटलं, मेल माझाच, वाक्य मागे घेतलंय, आणि ही माझ्या नावाची हरकत, ही पोच, आणि ह्या माझ्या शेजाऱ्यांच्या. त्यांनी जबाब घेतला, चहा प्यायला, आणि जाताना बरोबर आलेल्या अध्यक्षांना सगळ्यांच्या देखत विचारलं, "यादी फलकावर लावली नव्हती का?" तक्रार तिथेच विरली. पुढे कार्यालयात सुनावण्या झाल्या, खेटे झाले, चपला झिजल्या. पण मागची इमारत राहती ठरली. आज आम्ही ज्या घरात राहतो ते त्या हरकतीचं आहे. पप्पांनी तिथल्या गॅलरीत बसून पाच वर्षं पेपर वाचला.

काकांचा कॅफे कुठल्या कलमाने बंद पडला नाही. स्वस्त मोबाइल डेटाने पाडला. गिऱ्हाईक हातातल्या फोनवर आलं आणि गल्लीत फक्त शिंका उरल्या. मी तेव्हा नव्या घराच्या गडबडीत होते. कळलं तेव्हा काका-काकू गावी निघून गेले होते. आता माझ्या फोनवर कोण कुठून काय बघतंय ते मला कळतही नाही. विचारून आत येणारं तर कुणीच नाही.

गेल्या वर्षी मी कुडाळला त्यांच्या घरी गेले. खास त्यांना भेटायला. पडवीत बसले होते, बारीक झालेले, शर्ट मात्र इस्त्रीचाच. मी पेढे ठेवले आणि पाया पडले, आणि इतकी वर्षं मनात होतं ते म्हणून टाकलं. "काका, घर तुमच्यामुळे मिळालं."

ते एकदम चिडले. "माझ्यामुळे? मी काय केलं? मी तर तुझं नाव देणार होतो. दिलंच की."

काकू आतून आल्या. त्या म्हणाल्या, "त्या रात्री हे धड जेवले नाहीत गो. ताट पुढे ठेवलं तर म्हणाले, पोरीने नाव नाही दिलं आणि आधी कागद आला तर मी काय करू. गणपतीला सांगत होते, कागद उशिरा येऊ दे. आणि अजून मधेच म्हणतात, ती माझ्यावर रागावली असेल."

काका अंगणाकडे बघत होते. मला त्या दिवसाची माझी ताठ पाठ आठवली. बोलायचं ते नीट बोलायला हवं होतं.

"रागावले होते काका. खूप. तुम्ही ते पान फाडाल म्हणून मी वाट बघत होते. पण तुम्ही मला लपवलं असतंत ना, तर मी लपूनच राहिले असते. मग हरकत कोणी घेतली असती? तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मला खरं बोलावं लागलं. घर त्यानेच मिळालं."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.  मग काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "आता तरी नीट जेवा."